रोशनी पडली, त्यानंतरचं

मटर आला. आमच्या कांचघर मोहल्ल्यात तो दिसायच्या आधी ऐकू येतो. थंडीतल्या सकाळी ठेलेवाला "पाटन का मटर" असा पुकारा करत गल्लीत शिरतो आणि बायका शाली सावरत, टोपल्या घेऊन दारात येतात. पुण्याची माझी नणंद मटार म्हणते आणि आमच्या मटरला हसते. हसू दे. इतक्या पिढ्या जबलपुरात गेल्यावर शेंगेला पुण्याचं नाव कुठून आणायचं? आज मी चांगला टोपलीभर घेतला. गच्चीवर चटई टाकली, उन्हाकडे पाठ केली, परात पुढ्यात ओढली आणि पहिली शेंग फोडली. तो कच्चा, गोडसर वास नाकात गेला आणि माझा हात मोबाइलकडे गेला.

मटरच्या वासानं कुणाचा हात मोबाइलकडे जातो का? माझा जातो, मागच्या हिवाळ्यापासून. शेंगा सोलताना हात गुंतलेले असतात आणि डोकं रिकामं असतं, आणि रिकामं डोकं माझ्यासारख्या बाईला पुरून उरतं. परातीशेजारी मोबाइल ठेवलेला असतो. बाकीची बोटं हिरवी झालेली असतात म्हणून थोड्या थोड्या वेळानं मी करंगळीनं तो जागा करते आणि एक व्हिडिओ आला आहे का ते बघते. अजून आलेला नाही. येईल की नाही तेही माहीत नाही. पण वर्ष झालं, मी बघून राहिली आहे.

माझी मुलगी चिन्मयी, घरातली चिनू, खो-खो खेळते. मीही खेळायची, याच मंडळाच्या मैदानावर. आमच्या इथल्या मराठी मंडळानं गणपती सोडला नाही, हळदीकुंकू सोडलं नाही आणि खो-खो सोडला नाही. बाकी बरंच सुटलं. पोरं आईचं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. पण मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या की मधली पाटी ती मधली पाटीच असते आणि झुकांडी ती झुकांडीच. आमचे दुबे सर घरचे हिंदी, मराठीचा गंध नाही, पण तेसुद्धा "बेटा, झुकांडी दे" असंच ओरडतात.

चिनूची झुकांडी आहेच तशी. पाठलाग करणारी मुलगी अगदी हाताच्या अंतरावर आली की ही डाव्या अंगाला झुकते, आता इकडेच जाणार असं वाटावं इतकी, आणि समोरचीचं सगळं वजन त्या बाजूला गेलं की उजवीकडून, बसलेल्या दोन मुलींच्या मधून निघून जाते. माझी झुकांडी म्हणे याहून चांगली होती. म्हणे, कारण तिचा फोटो नाही, काही नाही. माझी मैत्रीण शुभा अजून तिचं वर्णन करते, आणि दर वर्षी मी त्यात थोडी अधिक चपळ होते. मला ते चालतं. आठवण माणूस थोडी वाढवून सांगतो, त्यात कुणाचं नुकसान होत नाही.

आमच्या मैदानाची एक रीत आहे. मटरच्या दिवसांत सामना असला की बायका सोलायचं काम घेऊनच कडेला बसतात. डोळे खेळावर, बोटं शेंगांवर. आणि बाद झालेली मुलगी बाहेर येते ती जिची परात जवळ असेल तिच्यातून मूठभर दाणे उचलते. आपल्या संघाची असो की समोरच्या, कुणी ना म्हणत नाही. घामेजलेल्या मातकट हातानं उचललेले ते दाणे तोंडात टाकत ती मुलगी उरलेला डाव बघते आणि बायका तिला सांगतात, तू कुठे चुकलीस. सगळ्यांनी सगळं पाहिलेलं असतं, त्यामुळे वाद फार लांबत नाही.

मागच्या वर्षी मटर नुकता सुरू झाला होता, तेव्हाची गोष्ट. पाटनच्या मुलींचा संघ आमच्याकडे खेळायला आला होता. आदल्या रात्री मावठा पडून गेलेला, मैदानाची एक बाजू अजून ओली होती. पाटनच्या संघात रोशनी होती. मजबूत बांध्याची, सावळी, वडिलांची मटरची शेती. तिच्या धावण्यात एक हट्ट होता, मला पाहताक्षणी आवडला. ती चिनूच्या मागे लागली आणि सोडेना. चिनू खांबाला वळसा घालून ओल्या बाजूला आली, झुकली, आणि रोशनीनं सूर मारला. चिनू तिथे नव्हतीच. रोशनी तोंडावर चिखलात, आणि घसरत पार पुढे.

इथपर्यंत तुम्हीही कदाचित पाहिलं असेल. पुष्कळांनी पाहिलंय.

पुढे काय झालं ते सांगते. चिनू दोन पावलं पळाली आणि थांबली. वळली, मागे आली, वाकून हात पुढे केला. चिखलात पालथ्या पडलेल्या रोशनीनं मान वर केली, चिनूचा हात पाहिला, आणि आपला हात लांबवून चिनूच्या घोट्यावर थाप मारली. बाद. पंचांची शिट्टी वाजली. एक क्षण कुणाला काही कळेना, मग सगळं मैदान हसायला लागलं. चिनू कमरेवर हात ठेवून आ वासून उभी. मग त्या दोघीही हसल्या. डाव संपल्यावर दोघी माझ्याच परातीशी आल्या आणि रोशनीनं चिखलाच्या हातानं इतके दाणे खाल्ले की मला रात्रीच्या उसळीत बटाटे घालावे लागले.

हे सगळं चिनूच्या बाबांनी मोबाइलवर घेतलं होतं. आमचे हे संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहेत. तिथे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, दिवसभर हाताला चैन नसते, म्हणून भोंगा वाजून बाहेर पडले की दिसेल त्याचा व्हिडिओ काढतात. लग्नातल्या पंगतीचा, रस्त्यावरच्या बैलाचा, माझ्या कुकरचा. चिनूच्या नावानं यांनीच नेटवर पान काढलेलं, तिचा खेळ त्यावर टाकायचे. त्या संध्याकाळी ते जेवण सोडून त्या व्हिडिओशी खेळत बसले. मग मला दाखवला. चिनू झुकते, रोशनी सूर मारते, चिखलात पडते, संपला. चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ.

मी म्हटलं, पुढचं कुठे आहे? तर म्हणाले, अगं लांब व्हिडिओ कोणी बघत नाही. आणि पुढे तर आपली पोरगी बाद होऊन राहिली, ते काहून दाखवायचं?

बाप आहे. त्यांचं म्हणणं मला त्या वेळी फार वावगं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कुठल्याशा मोठ्या पानानं उचलला. त्यांनी रोशनीच्या पडण्याला म्हशीच्या हंबरण्याचा आवाज जोडला. मग दुसऱ्यानं उचलला, त्यानं ते पडणं तीन-तीनदा दाखवलं. मग मोजदाद राहिली नाही. सुरतेहून, इंदूरहून, माझ्या आतेभावाच्या सासरहून तो व्हिडिओ परत आमच्याच घरी यायला लागला. ऑफिसात माझ्याच टेबलाशी येऊन एकानं मला तो दाखवला, ही माझी मुलगी आहे हे माहीत नसताना. मी सांगितलं तर त्यानं हात जोडले. मला अभिमान वाटला. घरी येईपर्यंत तो टिकला.

घरी चिनू पलंगावर बसून व्हिडिओखालचं लोकांचं लिखाण वाचत होती. तिच्याबद्दल लोकांनी छानच लिहिलं होतं. रोशनीबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. एका शाळकरी मुलीच्या अंगाबद्दल, रंगाबद्दल, गावाबद्दल, जिला त्यांनी कधी पाहिलं नाही, जिचं नाव माहीत नाही, तिच्याबद्दल. आणि लिहिणारे आपापल्या फोटोत मुलांना कडेवर घेऊन उभे होते. चिनू वाचत होती आणि तिचा अंगठा थांबत नव्हता. मी फोन ओढून घेतला. 

त्यानंतरच्या दिवसांत मैदान बदललं. आमच्या मैदानाच्या कडेला नवीन लोक दिसायला लागले. शहरातल्या चेरीताल भागातली मुलं मोटारसायकलींवर यायची, तारेच्या कुंपणाला लागून उभी राहायची, मोबाइल उभे धरून. त्यांना डाव कळत नव्हता, कोणाची पाळी ते कळत नव्हतं, विचारायचीही नाहीत. चिनू मैदानात आली की एकच ओरडा, "गिरा दे! गिरा दे!" माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका आधी कावल्या, मग एकेक करून परात घेऊन घरी जायला लागल्या. व्हिडिओत आपण मळक्या स्वेटरमध्ये दिसू, लोक त्यावरही काहीतरी लिहितील, ही एक भीती. भीती खरी होती, त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

आणि चिनूचा खेळ बदलला. बाहेरच्याला ते दिसलं नसतं. खो-खोत पळणारीचं काम काय, तर वेळ खायचा. समोरचीला दमवायचं, रेटत न्यायचं, घड्याळाकडे डोळा ठेवून जितकं टिकता येईल तितकं टिकायचं. त्यात बघण्यासारखं फारसं काही नसतं. चांगली पळणारी म्हणजे जिला झुकांडी द्यायची वेळच कमी येते. आता चिनू वेळ यायची वाट बघायला लागली. समोरची जवळ यावी म्हणून पाय आखडायची. झुकण्याच्या आधी तिची नजर पळभर तारेकडे जायची, तिथे किती मोबाइल आहेत ते बघायला. तेवढ्या पळात ती बाद व्हायची. दुबे सर घड्याळ हातात धरून उभे असायचे आणि ते खिशात टाकायचे. जानेवारीच्या शेवटी विभागाच्या संघाची निवड चाचणी होती. मी घरी विषय काढला तर चिनू म्हणाली, आई, तुला नाही समजत, लोग देखने आते हैं. मला समजत होतं, म्हणूनच माझी झोप उडाली होती.

मग एक दिवस सरांनी सांगितलं की पाटनची रोशनी तिथल्या सरावाला जायची बंद झाली आहे. त्यांनी फोन केला तर वडिलांनीच उचलला. मंडीत मटरची गाडी लावली की आजूबाजूची पोरं मोबाइलवर ते हंबरणं वाजवतात. वडील गोण्या उतरवतात आणि पोरं वाजवतात. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, खेळ पुरे. निवड चाचणीलाही येणार नाही. सर म्हणाले, मुलगी सरळ संघात बसणारी होती.

चिनूनं ऐकलं आणि सरळ घराकडे चालायला लागली. घरी आल्यावर बाबांच्या समोर उभी राहिली. पूर्ण व्हिडिओ टाका म्हणाली, मी बाद झाले तोसुद्धा. यांनी कुरकुर न करता टाकला. मला वाटतं तेही वाटच बघत होते. आम्ही तिघं त्या रात्री जेवताना मोबाइल ताटांच्या मध्ये ठेवून बसलो. फार कोणी पाहिलाच नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या कितीतरी जणांनी लिहिलं, एडिटेड आहे. बाद में जोड़ा है. एकानं तर समजावून सांगितलं होतं की खो-खोत पळणारी मुलगी थांबतच नसते, त्यामुळे हे खोटं आहे हे उघड आहे. आमच्या मैदानावर, आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट, आणि ती झाली नाही हे आम्हाला कोण कुठला माणूस सांगून राहिला. चिनू हसायला लागली आणि हसता हसता रडली. ह्यांनी ताट बाजूला सारलं.

रविवारी आम्ही पाटनला गेलो. निमित्त मटर आणायचं. दोन्ही बाजूंना हिरवी शेतं, त्यांत पोती भरणारी माणसं, रस्त्यावर गाड्यांतून सांडलेल्या शेंगा. दरवर्षी हा रस्ता मला आवडतो. त्या दिवशी मी आतल्या आत वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन काय म्हणायचं? तुमच्या मुलीला जग हसलं, आम्ही जरा पुढचं दाखवायला आलोय?

रोशनीचे वडील अंगणात शेंगांच्या ढिगापाशी उभे होते. त्यांनी आम्हाला ओळखलं. खाट ओढली, पाणी मागवलं आणि परत शेंगांकडे वळले. रोशनी दारात आली, चिनूला पाहिलं आणि आत गेली. चिनू तिच्या मागे गेली. मी म्हटलं, भैया, एक गोष्ट बघा, आणि यांनी मोबाइल पुढे केला. ऊन होतं, पडद्यावर काही दिसेना. त्यांनी गळ्यातला गमछा काढून डोक्यावर आणि मोबाइलवर ओढला आणि त्या सावलीत पाहायला लागले. बाहेर फक्त आमच्याच मैदानावरचा आवाज, मग शिट्टी, मग हसणं. त्यात म्हैस नव्हती. त्यांनी परत पाहिलं. मग गमछा काढला.

"ये तो आउट हुई," ते म्हणाले.

मी मान हलवली. 

त्यांनी मोबाइल ह्यांच्या हातात परत दिला. "मुझे तो आपने दिखा दिया, दीदी. मंडी में किस-किस को दिखाऊँ?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मोबाइल खिशात घालायचंही विसरले, हातात धरूनच बसले. मग एकदम म्हणाले, आमच्या कारखान्याच्या गेटवर रोज सगळ्यांचे मोबाइल जमा होतात, साहेबाचाही. चाचणीच्या दिवशी मैदानावर तसंच करता येईल. मी स्वतः गेटवर उभा राहीन. रोशनीचे वडील त्यांच्याकडे बघत राहिले. जो माणूस कुकरचा व्हिडिओ काढतो तो हे बोलून राहिला, माझाही विश्वास बसेना. वडील हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. पैसे घ्यायला तयार झाले नाहीत आणि गोणीभर मटर गाडीत टाकला.

आत काय झालं ते परतीच्या वाटेवर चिनूनं सांगितलं. तिनं माफी मागितली, तर रोशनी चिडली. व्हिडिओवर नाही. व्हिडिओ कोणी काढला, कोणी कापला, त्याची तिला जणू पर्वाच नव्हती. ती म्हणाली, "तू रुकी काहे को?" आणि मग म्हणाली, "मैंने थोड़े पकड़ा तुझे. तूने दिया."

चिनूनं हे सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.  आम्ही समजत होतो की पूर्ण गोष्ट आमच्याजवळ आहे, जगाकडे कापलेली आहे. पण आमच्याही जवळ ती पूर्ण नव्हती. आम्ही सगळे हसलो होतो त्या हसण्यात ती मुलगीही हसली होती, आणि घरी जाऊन तिला ते टोचत राहिलं होतं, की मला हात दिला म्हणून मला बाद करता आलं. तिला चिखलाची लाज नव्हती. तिला चिनूला पळताना पकडायचं होतं.

चाचणीच्या सकाळी धुकं होतं. आमचे हे मंडळाच्या फाटकाशी मटरची रिकामी गोणी घेऊन उभे, दुबे सर शेजारी. मोबाइल इकडे टाका. बराच आरडाओरडा झाला. चेरीतालची मुलं भांडली आणि अर्धी निघून गेली, राहिलेली हात खिशात घालून उभी राहिली, हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. सगळ्यात शेवटी ह्यांनी आपला मोबाइल गोणीत टाकला आणि तोंड बांधलं. बायका पराती घेऊन परत आल्या होत्या. मी बसले, पण एक शेंग फोडली नाही. पाटनची गाडी आली तेव्हा मी मुली मोजल्याच नाहीत, एकच चेहरा शोधला. ती सगळ्यांच्या शेवटी उतरली. मागून तिचे वडील.

सरांनी मुद्दाम की सहज, देव जाणे, रोशनीला पाठलागाच्या बाजूला ठेवलं आणि चिनूला पळणाऱ्यांत. चिनू आत आली. तिनं तारेकडे पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, तिथे काही नव्हतं. ती पळत राहिली, नुसती पळत राहिली, जुन्यासारखी, वेळ खात, आणि सरांनी घड्याळ खिशात टाकलं नाही. मला वाटलं, चला, जमलं. आणि मी सहज मान वर केली.

फाटकाच्या पलीकडच्या घराच्या छतावर कोणीतरी उभं होतं. कठड्यावर हात टेकलेले, हातात मोबाइल, उभा धरलेला.

 ओरडावं तर खेळ थांबेल, सगळे वर बघतील, रोशनीही बघेल. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ते फाटकाशी गोणीवर पाय ठेवून राखण करत होते, समाधानानं. त्यांना छत दिसत नव्हतं. मी उठून उभी राहिले. कुठे उभी राहू म्हणजे आडोसा होईल? छतासमोर माणूस किती उंच होणार? आणि मैदानात रोशनीनं खो घेतला होता आणि चिनूच्या मागे निघाली होती, त्याच हट्टानं, खांबाकडून त्याच बाजूला, जिथे तेव्हा चिखल होता. एक पळ तिची मान वर गेली. छताकडे गेली, मी शपथेवर सांगते. मला वाटलं, आता ती पाय आखडणार. सूर मारणार नाही. कुणीही मारला नसता.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी एवढं सांगते की त्या चाचणीतून विभागाच्या संघाची यादी निघाली, तीत रोशनी पहिल्या नऊ जणींत होती आणि चिनू राखीव. चिनूनं आठवडाभर तोंड फुगवलं, मग रोज पहाटे मैदानावर जायला लागली. यंदाची चाचणी पुढच्या रविवारी आहे. दोघी रोज फोनवर बोलतात, हिंदीत, तासन् तास, काय बोलतात कळत नाही. यंदा म्हणे चाचणीचं थेट प्रक्षेपण होणार आहे, नियमानंच. तिथे गोणी चालणार नाही. हे म्हणतात, चांगलंच आहे, सगळं पूर्ण दिसेल. मी म्हणते, ज्याला कापायचं तो त्यातूनही कापेल.  त्यांनी स्वतः कापलेलं आहे, त्यांना माहीत आहे किती सोपं असतं.

आणि तो छतावरचा व्हिडिओ. तो कोणी काढला, कुठे आहे, माहीत नाही. वर्षभर कुणाच्या तरी मोबाइलात पडून असेल. एखाद्या दिवशी त्याला कंटाळा येईल, काहीतरी टाकायला हवं म्हणून टाकेल. म्हणून मी बघत असते. हे म्हणतात, तू वेडी होशील अशानं. पण मटर सोलताना हात गुंतलेले असतात आणि माझी करंगळी मोकळी असते. आणि तो आला तर कुठे कापलेला असेल, ते मला आजच माहीत आहे.

म्हणून पुढचं मी सांगते. मी तिथे होते.

रोशनीनं सूर मारला. पूर्ण अंग झोकून, मागच्यापेक्षा लांब. चिनू झुकून निघून गेली आणि रोशनी जमिनीवर आदळली, धूळ उडाली, मैदानावरच्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम "हाय" निघालं. मी चिनूकडे बघत होते. थांबली तर ती परत त्या मुलीला दान देणार. नाही थांबली तर उद्या जग म्हणेल, बघा कशी घमेंडी, पाडलं आणि वळूनही पाहिलं नाही. माझ्या मनात दोन्ही होतं, थांब आणि थांबू नकोस. तिची पाठ क्षणभर आखडल्यासारखी मला वाटली.

ती थांबली नाही. सरळ पळत पलीकडच्या खांबापर्यंत गेली.

धुळीत पडलेल्या रोशनीनं मान वर केली. समोर हात नव्हता, कोणी वाकलेलं नव्हतं. लांब खांबाशी चिनूची पाठ दिसत होती. रोशनी ती पाठ बघत राहिली आणि तोंडात माती असतानाच हसली. मग उठली, माती थुंकली, धावत गेली आणि बसलेल्या मुलीच्या पाठीवर थाप मारून फाटकाशी उभ्या आपल्या वडिलांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "खो!"